जेनेव्हाने बाक बदललं

माझी बहीण जेनेव्हा सरकारी वकिलाला पहिल्यांदा 'नाही' म्हणाली तेव्हा मी तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते, आणि खरं सांगते, मला तिची लाज वाटली.

सप्टेंबरातली सकाळ होती. आमच्या बार्लो क्रीक गावाहून डोंगर उतरून शहरात यायला दोन तास लागतात. फेडरल सरकारचं ऑफिस नवव्या मजल्यावर. वकिलाचं नाव ऑल्ड्रिज. चाळिशीचा, उंच, मऊ आवाजाचा. आम्ही बसायच्या आधीच त्याने कागदी रुमालांचा डबा जेनेव्हाच्या हाताशी सरकवून ठेवला होता.

"मिसेस स्टिल्टनर," तो म्हणाला, "तुमच्या मुलीच्या मृत्यूला जी व्यक्ती जबाबदार आहे, तिला आम्ही धरलंय. मृत्यूला कारणीभूत ठरलेलं वाटप, असा आरोप आहे. शाबीत झाला की कमीत कमी वीस वर्षं. जजच्या मनात असलं तरी त्यांना त्याखाली उतरता येत नाही."

मी मनात म्हटलं, देवा, पावलास.

जेनेव्हाने विचारलं, "कोणाला धरलंय?"

"मार्ली रॅटलिफला."

"तिला काय धरायचंय? ती कुठे पळाली होती?"

टेसा जेनेव्हाची एकुलती एक. सत्तावीस वर्षांची. वृद्धाश्रमात कामाला होती. एका जाडजूड म्हाताऱ्याला पलंगावरून उचलताना तिची पाठ गेली. डॉक्टरने दुखण्यावर सवय लागणाऱ्या गोळ्या दिल्या, मग एक दिवस द्यायच्या बंद केल्या, आणि मग ती रस्त्यावर जे मिळेल ते घ्यायला लागली. आमच्या डोंगरात हे इतकं घरोघरचं आहे की सुरुवात कशी झाली हे कोणी विचारत नाही. विचारतात, व्यसनमुक्ती केंद्राची कितवी खेप?

मार्ली रॅटलिफ ही टेसाची तिसरीपासूनची मैत्रीण. आईबाप नाहीत, आजोबांनी वाढवलेली. दोघींनी शाळा बरोबर बुडवली, दोघी बरोबर बिघडल्या, व्यसनमुक्ती केंद्रातसुद्धा एकदा बरोबर गेल्या. मार्च महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी दोघी टेसाच्या गाडीतून शेजारच्या गावच्या गाड्या धुवायच्या केंद्रावर गेल्या. दोघींनी आपापले पैसे घातले. मार्ली उतरून विकणाऱ्याच्या गाडीच्या खिडकीशी गेली, पुडी घेऊन परत आली. दुकानांच्या मागच्या मोकळ्या जागेत गाडी लावून दोघींनी ती घेतली. हेरॉइन म्हणून घेतली, निघालं फेंटानिल, त्याहून कितीतरी पट जहाल. मार्ली वाचली, टेसा वाचली नाही.

मार्लीचा मला आधीपासूनच राग. माझं केस कापायचं दुकान आहे, दोन खुर्च्यांचं. त्या दोन्ही खुर्च्यांत बसणाऱ्या प्रत्येक बाईला मी पाच महिने ऐकवत होते की ती पोरगी तुरुंगात सडली पाहिजे. ऑगस्टात फेडरल पोलीस तिला घेऊन गेले तेव्हा मी गिऱ्हाइकांना फुकट कॉफी पाजली होती.

आणि आता ऑल्ड्रिज आम्हाला जे हवं ते ताटात वाढून देत होता, तर माझी बहीण ताटच ढकलत होती.

"मी तुम्हाला एक ऐकवणार आहे," तो म्हणाला. "त्रास होईल. पण तुम्हाला कळायला हवं."

त्याने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. ९११ ला, तातडीच्या मदतीच्या नंबरला, केलेल्या फोनचं ध्वनिमुद्रण होतं. मार्लीचा आवाज फाटलेला. "माझी मैत्रीण श्वास घेत नाहीये. मी आणलं होतं, मीच आणलं तिच्यासाठी, लवकर या, लवकर या." ऑल्ड्रिजने बटण दाबून आवाज थांबवला.

"तिच्याच तोंडचा कबुलीजबाब," तो म्हणाला.

"पुढचं लावा," जेनेव्हा म्हणाली.

"पुढे तसं काही नाही. रुग्णवाहिका येईपर्यंतचं आहे."

"लावा म्हटलं ना."

त्याने लावलं. पुढे मार्ली मोजत होती. एक ते तीस, छातीवर दाब. मग दोन श्वास. मग पुन्हा एक ते तीस. मधेच फोनवरच्या बाईला विचारायची, "बरोबर करतेय ना मी? नशा उतरवायचा फवारा नाकात दोनदा मारलाय, तिसरा नाहीये माझ्याकडे." मधेच ओरडायची, "टेस, ए टेस, मूर्खे, ऊठ!" आणि पुन्हा आकडे. आवाज बसत गेला, पण आकडे थांबले नाहीत. जेनेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ऐकत होती. शेवटी पुरुषांचे आवाज आले, दार उघडल्याचा आवाज आला, आणि ध्वनिमुद्रण संपलं.

जेनेव्हाने रुमालाच्या डब्याला हातही लावला नव्हता. मी मात्र चार रुमाल संपवले होते.

"चौदा मिनिटं," ती म्हणाली. "चौदा मिनिटं ती पोरगी माझ्या लेकीच्या छातीवर होती. आणि तुम्ही त्यातलं पहिलं अर्धं मिनिट उचललंत."

"मला तुमचं दुःख कळतं," ऑल्ड्रिज म्हणाला, आणि त्याला कळत असावंही. "पण कायद्याच्या दृष्टीने तिच्या हातून तुमच्या मुलीच्या हातात गेलं, की ते वाटप झालं."

"आणि ज्याने विकलं, तो?"

ऑल्ड्रिजने समोरचे कागद सारखे केले. "त्याने सहकार्य केलंय."

"म्हणजे?"

"आम्हाला उपयोगी माहिती दिली. शिक्षेच्या वेळी तिचा विचार होतो."

"हां," जेनेव्हा म्हणाली. "म्हणजे त्याच्याकडे द्यायला नावं होती. मार्लीकडे एकच नाव होतं, त्याचं. ते तुमच्याकडे आधीच होतं."

ऑल्ड्रिजने कागद फाइलीत घातले. मग त्याने विचारलं, शिक्षा ठरायच्या दिवशी ती कोर्टात बोलेल का? मृताच्या आईला तसा हक्क असतो, आणि जजवर त्याचा फार परिणाम होतो.

"बोलेन की," जेनेव्हा उठत म्हणाली. "पण तुमच्या बाजूने नाही."

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होते. पहिला घाट चढेपर्यंत दम धरला, मग माझा बांध फुटला.

"तुझं डोकं फिरलंय का जेन? तो माणूस आपल्यासाठी लढतोय!"

"आपल्यासाठी? त्याने मला एकदा तरी विचारलं, बाई तुला काय हवंय म्हणून?"

"तुला काय हवंय मग? ती सुटायला हवीय? उद्या ती किराण्याच्या दुकानात तुझ्यासमोर दूध घ्यायला उभी राहिली तर?"

"तर मी तिला म्हणेन, आधी तू घे."

"टेसाला काय वाटलं असतं?"

तिने मला गाडी बाजूला घ्यायला लावली. उतरली, कठड्याशी जाऊन उभी राहिली, परत आली, दार आपटलं. "नादिन, मी एकदाच सांगते. त्या दिवशी खिडकीशी टेसा गेली असती आणि मार्ली मेली असती, तर आज त्या नवव्या मजल्यावर ऑर्व्हिल रॅटलिफ बसला असता आणि वीस वर्षं माझ्या पोरीला लागली असती. नाणं उडालं आणि पडलं, एवढंच. त्यापायी मी कोणाला जिवंतपणी पुरू देणार नाही."

ऑर्व्हिल म्हणजे मार्लीचे आजोबा. खाणीत चाळीस वर्षं काढलेला माणूस, नाकात प्राणवायूची नळी. मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मला पटलं नव्हतं. उरलेला रस्ता आम्ही रेडिओ न लावता काढला.

नोव्हेंबरात जिल्ह्याच्या मुख्य सरकारी वकिलांनी आमच्याच तालुक्याच्या हायस्कुलात पत्रकार परिषद ठेवली. जेनेव्हाला पहिल्या रांगेत बसायचं आमंत्रण होतं. त्यांना वाटलं असेल, बाई आता निवळली असेल. ती त्या शाळेची बस चालवते. सकाळची फेरी संपवून, बसचालकाचं पिवळं जाकीट तसंच अंगावर ठेवून ती आली. मी मागे होते.

व्यासपीठावर एक मोठा तक्ता लावला होता. लाल खांब, डावीकडून उजवीकडे चढत गेलेले. चार वर्षांपूर्वी असे मृत्यूचे खटले चार, यंदा एकतीस. मुख्य वकीलसाहेब काठीने एकेक खांब दाखवत होते. "हा आकडा वाढतोय याचा आम्हाला अभिमान आहे," ते म्हणाले. "आता प्रत्येक मृत्यूचा जाब विचारला जातो." तक्त्याशेजारी तिवईवर फळा होता आणि त्यावर मेलेल्या अकरा जणांचे फोटो. वरच्या रांगेत तिसरी टेसा. शोकपत्रिकेतला फोटो. जत्रेत बक्षीस मिळालेल्या बकरीला मिठी मारलेली, दात सगळे बाहेर.

जेनेव्हा उठली. मला वाटलं, बाहेर जातेय. ती सरळ पायऱ्या चढून व्यासपीठावर गेली, फळ्याशी उभी राहिली आणि टेसाच्या फोटोच्या चारही कोपऱ्यांच्या टाचण्या नखाने काढायला लागली.

"मॅडम," एक पोलीस पुढे आला.

"दोनच टाचण्या राहिल्यात, थांब जरा," ती म्हणाली. तो तिच्याच बसमधून सहा वर्षं शाळेत गेलेला. तो थांबला.

फोटो काढून तिने जाकिटाच्या आत ठेवला आणि मुख्य वकिलांकडे वळली. "हा फोटो मी तुम्हाला दिला नव्हता. आता एक सांगा. या एकतीसांत विकणारे किती, आणि शेजारी बसून स्वतः घेणारे किती?"

"तशी वर्गवारी आम्ही ठेवत नाही, मॅडम."

"का बरं? खांब रंगवायला वेळ मिळतो की."

मागे कोणीतरी हसलं. वकीलसाहेब लाल झाले. म्हणाले की शोकात माणूस अशा गोष्टी बोलतो, आणि आम्ही त्यांच्या दुःखाचा आदर करतो.

"माझ्या दुःखाला हात लावू नका," जेनेव्हा म्हणाली. "वर्गवारी ठेवा."

दुसऱ्या दिवशी हे सगळं पेपरात आलं. मग दुकानात कुजबुज सुरू झाली. लुसील डॉकिन्स नावाची माझी जुनी गिऱ्हाईक. अर्ध्या डोक्याला रंग लावून झाला होता तेव्हा ती आरशात बघत म्हणाली, "आपल्या लेकीच्या खुन्याची बाजू घेणारी आई मी पहिल्यांदाच बघितली."

तीन महिन्यांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं, आणि म्हटलंही होतं. पण ते मी म्हणणं वेगळं आणि लुसीलने म्हणणं वेगळं.

"लुसील," मी म्हटलं, "तुझं अर्धं डोकं काळं झालंय आणि अर्धं पांढरं आहे. एक तर तोंड मिटून बस, नाहीतर अशीच घरी जा."

ती तशीच घरी गेली. आठवडाभर टोपी घालून हिंडत होती.

त्याच आठवड्यात मार्लीची वकील दुकानात आली. डोरोथिआ पेन तिचं नाव. वकील परवडत नाही अशांना सरकार जे वकील देतं त्यांच्यातली. लहानखुरी, मोठी बॅग, बुटांना चिखल. ती म्हणाली, "तुमच्या बहिणीने जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर कागदांत आहे. आरोपपत्रं जाहीर असतात, कोणीही वाचू शकतं. मी एकतीसही छापून आणलीत. वाचायला मात्र माझ्याकडे माणसं नाहीत."

सोमवारी माझं दुकान बंद असतं. पुढच्या सोमवारी मी आणि जेनेव्हा दुकानात बसून ते कागद वाचत होतो. मी फक्त तिला सोबत म्हणून बसले होते, असं मी स्वतःला सांगत होते. पहिल्या खुर्चीत विकणाऱ्यांची आरोपपत्रं ठेवायची, दुसरीत सोबत घेणाऱ्यांची, आणि ज्यांचं कळत नाही ती केस धुवायच्या बेसिनवर, असं ठरवलं. पहिली खुर्ची हळूहळू भरत होती. दुसरी भराभर. सख्खा भाऊ. एका खोलीत राहणारे दोघे. आईने मुलाला नशेवाचून होणाऱ्या कळा सहन होईनात म्हणून आपल्यातली अर्धी दिलेली.

मग माझ्या हातात एक आलं. एका नवऱ्यावर होतं. 'आरोपीने मयत व्यक्तीस पदार्थाचं वाटप केलं.' मयत व्यक्ती म्हणजे त्याची बायको. दोघांनी अर्धं-अर्धं घेतलं होतं. तिचं अंग गार पडायला लागलं तसं त्याने तिला उचलून गाडीत घातलं आणि स्वतः इस्पितळात नेलं. तिथे त्याने डॉक्टरला सगळं खरं सांगितलं, तिने काय घेतलंय ते त्यांना कळावं म्हणून. त्याच खऱ्यावर खटला उभा होता. तीन मुलं.

मी तो कागद दुसऱ्या खुर्चीत ठेवला, पण माझा हात त्यावरून उठेना.

"काय झालं?" जेनेव्हाने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "मी पाच महिने काय बोलत होते गं या दुकानात?"

"जे सगळे बोलत होते तेच." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "पुढचा कागद घे."

पहिल्या खुर्चीत आठ झाले. दुसरीत एकोणीस. बेसिनवर चार. जेनेव्हाने ते आकडे एका पानावर तिच्या त्या ठसठशीत अक्षरात लिहिले, खाली नावं लिहिली, आणि एक प्रत पेपरला, एक पेनला, एक ऑल्ड्रिजला पाठवली. ऑल्ड्रिजच्या प्रतीवर वर लिहिलं, 'वर्गवारी.'

कशामुळे ते कोणी सांगितलं नाही, पण जानेवारीत सरकारने माघार घेतली. अर्धी. मृत्यूचा आरोप मागे घ्यायचा, नुसत्या वाटपाचा ठेवायचा, आणि मार्लीने तो कबूल करायचा. पेनने आम्हाला समजावलं की यात वीस वर्षांची सक्ती जाते. शिक्षा शून्यापासून वीसपर्यंत काहीही होऊ शकते, आणि ती जजच्या हातात. सरकार बारा मागणार होतं.

"लढली तर?" जेनेव्हाने विचारलं.

"लढून हरली तर वीस. शंभरातले दोन-तीनच लढतात, मिसेस स्टिल्टनर. बाकीचे सही करतात. मला तिला लढ म्हणायचा धीर होत नाही."

मार्लीने सही केली.

एप्रिलमध्ये शिक्षेचा दिवस आला. फेडरल कोर्टाची ती खोली चर्चसारखी. मधे वाट, दोन्ही बाजूंना लाकडी बाकं. मयताच्या नातेवाइकांनी सरकारी वकिलाच्या मागे बसायचं आणि आरोपीच्या नातेवाइकांनी पलीकडे, अशी तिथली रीत. ऑल्ड्रिजच्या ऑफिसातल्या एका बाईने आम्हाला हाताला धरून आमच्या जागेवर नेऊन बसवलं. पलीकडे पहिल्या बाकावर ऑर्व्हिल रॅटलिफ एकटा होता. त्याच्या प्राणवायूच्या यंत्राचा फुस्स आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता.

दारातून मार्लीला आणलं. हातात बेड्या, नारिंगी कपडे. ती आमच्याकडे बघायला धजली नाही.

जेनेव्हा उठली. पर्स उचलली. मधली वाट ओलांडून पलीकडे गेली आणि ऑर्व्हिलशेजारी बसली. म्हातारा दचकला. तिने त्याची नळी पायात येऊ नये म्हणून जरा बाजूला सरकवली आणि हाताची घडी घालून समोर बघायला लागली. सगळी खोली बघत होती. आम्हाला आणून बसवणारी बाई माझ्या कानाशी म्हणाली, "त्यांना सांगाल का, की ही तुमची बाजू नाही?"

मी म्हटलं, "तुम्हीच सांगून बघा." पण मी स्वतः उठले नाही. कागद वाचले होते, तरी पाय उचलेनात. मी सरकारच्या बाकावर एकटी बसून राहिले, हे मी लपवणार नाही.

जज वयस्कर होते, कानात यंत्र घातलेले. ऑल्ड्रिजने बारा वर्षं मागितली. तो व्यवस्थित बोलला, खोटं काही बोलला नाही. मग जजनी विचारलं, मयताच्या घरचं कोणी बोलणार आहे का?

जेनेव्हा पुढे गेली. हातात कागद नव्हता.

"जजसाहेब, मी टेसाची आई. मला कोणी काही शिकवलेलं नाही, आणि मी कोणाला माफ करायला आलेले नाही. माफी माझी आणि मार्लीची गोष्ट आहे, ती आम्ही बघून घेऊ. मी तुम्हाला आमच्या गावात काय झालंय ते सांगायला आले. मार्लीला ऑगस्टात धरलं. तिने फोन केला म्हणून धरलं, हे गावात प्रत्येकाला कळलं. ऑक्टोबरात हॉलिस कॅन्ट्रेल नदीकाठच्या बागेत मेलेला सापडला. एकोणीस वर्षांचा. माझ्या बसमध्ये तिसऱ्या सीटवर बसायचा. त्याच्या अंगावर दुसऱ्या कोणाचा तरी कोट घातलेला होता. कोणीतरी त्याच्या शेजारी होतं, जजसाहेब. त्या कोणाला तरी त्याची माया होती, म्हणून कोट काढून घातला. आणि मग ते पळालं. फोन केला नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला शिकवलंत की फोन केला तर वीस वर्षं आणि पळालं तर काही नाही."

ती सरकारी वकिलाच्या टेबलाकडे वळली.

"माझी मुलगी एकटी मेली नाही," जेनेव्हा म्हणाली. "तिला नावाने हाक मारणारं कोणीतरी होतं. हॉलिसच्या आईला तेवढंही मिळालं नाही. त्याचा खांब तुमच्या तक्त्यावर कुठे आहे ते मला दाखवा. झालं माझं."

ती परत गेली आणि ऑर्व्हिलशेजारीच बसली. ऑल्ड्रिज टेबलाकडे बघत होता.

जजनी चष्मा पुसला. मग म्हणाले की कायदा त्यांनी केलेला नाही, आणि या मुलीने जे केलं तो गुन्हाच आहे. पण सरकारने जो आरोप मागे घेतलाय त्याची शिक्षा मागच्या दाराने द्यायची त्यांची इच्छा नाही. चार वर्षं. तुरुंगात काढलेले आठ महिने त्यात धरून.

मार्ली मटकन खाली बसली. पेनने तिचा खांदा धरला.

"चारही जास्त आहेत," जेनेव्हा बसल्या जागेवरून म्हणाली.

जजनी कानातल्या यंत्राला बोट लावलं. "काय म्हणालात?"

ती उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "चारही जास्त आहेत म्हटलं."

"तुमचं म्हणणं नोंदवलं जाईल, मिसेस स्टिल्टनर."

"नोंदवा."

बायकांचा फेडरल तुरुंग आमच्यापासून तीन तासांवर आहे. भेटीचं नाव मंजूर व्हायला सप्टेंबर उजाडला. मार्लीने यादीत जेनेव्हाचं नाव घातलं होतं, आणि माझंही. माझं का घातलं, मला कळलं नाही. मी म्हटलं, मी गाडीतच बसते. जेनेव्हा म्हणाली, बस, पण ऊन फार आहे. शेवटी मी आत गेले.

भेटीच्या खोलीत लहान टेबलं, भिंतीशी कॉफीचं यंत्र. मार्ली आली तेव्हा मी ओळखलंच नाही. अंग भरलेलं, डोळे स्वच्छ. जेनेव्हाने तिला मिठी मारली. सुरुवातीला एक आणि निघताना एक एवढीच मिठी चालते म्हणे. पहिली बरीच लांबली.

मी समोर बसले. कोणीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी बोलले. "मार्ली, मी तुझ्यासाठी वीस वर्षं मागत होते. गावभर."

"माहितीये, मिस नादिन. आजोबांनी सांगितलं."

"आता नाही मागत."

"बरं," ती म्हणाली. "थँक्यू."

मी तिच्या डोक्याकडे पाहिलं. "केस कोणी कापलेत हे तुझे? एका बाजूला लांब आहेत."

"इथलीच एक आहे. बँक लुटलेली."

"मग बँकांवरच थांबायला हवं होतं तिने."

मार्ली हसली, आणि हसताना तिचे डोळे भरले. मग तिने जेनेव्हाकडे पाहिलं. "मिस जेनेव्हा, मला वकिलांनी बोलायला मनाई केली होती. आता काही अडचण नाही. तुम्हाला त्या दिवसाचं ऐकायचंय का? नसेल तर राहू दे."

जेनेव्हाने मान हलवली. हो म्हणून.

मार्लीने सांगितलं. मोठं असं काही नव्हतंच. जाताना पेट्रोल पंपावर दोघींनी एक पेपरोनी रोल, मसालेदार मांस भरलेला पाव, घेतला. टेसाने तो मोडला, मोठा तुकडा मार्लीला दिला, आणि पाच मिनिटांनी गाडी चालवता चालवता तिच्या हातातून ओढून स्वतःच खाल्ला. वर म्हणाली, द्यायचं पुण्य मिळालं की नाही, मग झालं. रेडिओवर गाणं लागलं होतं त्याचे शब्द चुकीचे म्हणत होती, नेहमीसारखे. वाटेत एका घरासमोर बकऱ्या दिसल्या म्हणून गाडी थांबवली आणि त्यांच्याशी बोलत बसली, त्यात पंधरा मिनिटं गेली.

"पंधरा?" जेनेव्हाने विचारलं.

"जास्तच. मी ओरडले तेव्हा निघाली."

"काय बोलली बकऱ्यांशी?"

"हवामानावर."

जेनेव्हा हसायला लागली. तोंडावर हात धरून, खांदे हलवत. टेसा गेली त्या मार्चपासून आतापर्यंत, पुरं दीड वर्ष, मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मग ती म्हणाली, "आणखी सांग," आणि मार्ली सांगत राहिली. तिसरीतलं, पाचवीतलं, टेसाने मला न विचारता माझ्या दुकानातली कात्री नेऊन वर्गातल्या पोराचे केस कापले होते ते. ते मला तेव्हा कळलंच नव्हतं.

पहारेकरी टेबलांमधून फिरत आमच्यापाशी आली. "वेळ संपली, बायांनो. उठा."

जेनेव्हाने कॉफीचा कागदी पेला दोन्ही हातांत धरला आणि तिच्याकडे वर पाहिलं.

"माझी कॉफी अजून गरम आहे," ती म्हणाली, आणि अगदी छोटा घोट घेतला.